चकव्यावरची पिवळी गाडी

आमच्या दारावरचा दिवा आई कधी बंद करत नाही. रात्री तर नाहीच, दिवसाही नाही. बल्ब गेला की ती शेजारून स्टूल मागून आणते आणि मी घरात असले तरी मला न सांगता स्वतःच चढून नवा लावते. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, "अहो, तुमचा बाहेरचा दिवा चालू राहिलाय." आई म्हणते, "राहिला नाही, ठेवलाय." काकू ओशाळून गप्प होतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगतात.

दिवा दादासाठी आहे. दादा विमान चालवायचा, आता मी चालवते. तो आमच्याच गावच्या विमानतळावर गेला, विमान सुखरूप खाली उतरल्यानंतर. त्याला आम्ही रीतसर निरोप दिला, सगळे नातेवाईक आले, रडले, जेवले, गेले. आई मात्र तेव्हापासून एकच म्हणते. "तो तिथंच फिरतोय गं. वाट विचारायला लाजत असेल." सुरुवातीला मी समजूत घालायचे. मग चिडायला लागले. मग तेही सोडलं. आई रात्री अर्धवट झोपते आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसते. ते पाऊल तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या पेपरवाल्याचं असतं. आईचं वजन इतकं उतरलं आहे की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, झोप हवी. आता ती कुठल्या दुकानातून आणायची?

दादा वाट विचारायला लाजायचा, हे मात्र खोटं नाही. घरात त्याचं नाव भरकट्या होतं. नव्या शाळेत तो पहिल्याच दिवशी चुकून दुसऱ्या वर्गात जाऊन बसला. चूक त्याच्या लगेच लक्षात आली होती. पण उठून विचारायचं कसं, म्हणून बाकी पोरांबरोबर मुकाट्याने भलतीच कविता म्हणत राहिला. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा मी, त्याची धाकटी बहीण, एकेका वर्गाच्या दारात डोकावत त्याला शोधून काढलं. मी दारात उभी राहिले. त्याने दप्तर उचललं आणि काही न बोलता आला. त्यानंतर असं कितीदा झालं! आणायला मी जायचे आणि तो यायचा. पण शेजारून चालायचा नाही. दोन हात अंतर ठेवून मागून यायचा, म्हणजे कुणाला वाटू नये की हिने त्याला आणलं. मी वळून पाहिलं की तो दुकानांच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग करायचा.

तो वैमानिक झाला तेव्हा सगळ्या नात्यात हशा पिकला. घरातल्या घरात हरवणारा पोरगा आता लोकांना घेऊन हरवणार, असं आत्या म्हणाली. दादा शांतपणे म्हणाला, "वर कोण हरवतं? वर वळणंच नसतात." ते खरंच होतं. वर तो कधी चुकला नाही.

चुकायला होतं ते खाली. विमान टेकलं की प्रवाशांना वाटतं, पोचलो. पट्टा सुटायच्या आधी उभे राहून वरचे कप्पे उघडायला लागतात. आमची डोकेदुखी तिथून सुरू होते. धावपट्टीवरून उतरलं की टॅक्सीवे लागतात, विमानांच्या गल्ल्या. प्रत्येक गल्लीला एक अक्षर. कडेला गवतात बसक्या पाट्या. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही इथं आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे तिकडे जा. लाल पाटी म्हणजे पुढे धावपट्टी आहे, जिवाची पर्वा असेल तर थांबा. ऐकायला किती सोपं आहे. पण आमच्या विमानतळाच्या जुन्या बाजूला पाच गल्ल्या एकत्र येतात. तिथं एवढ्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत की कुठला बाण कुठल्या गल्लीचा हे त्या बाणालाच विचारावं. त्या जागेला सगळे क्रू चकवा म्हणतात. चकवा लागला की माणूस फिरून फिरून भलतीकडेच जातो, तशी ती जागा आहे.

तिथून जाताना पद्धत एकच. उजव्या खुर्चीने, म्हणजे सहवैमानिकाने, पाटी मोठ्याने वाचायची, डाव्या खुर्चीने, म्हणजे कॅप्टनने, ती परत म्हणायची, मगच चाक वळवायचं. शंका आली तर थांबायचं आणि टॉवरकडून पिवळी गाडी मागवायची. तिच्या पाठीवर 'माझ्या मागे या' असं लिहिलेलं असतं. ती पुढे चालते, आपण मागून जायचं. नियमात हे सगळं आहे. पण गाडी कुणी मागवत नाही. एकदा मागवली की रेडिओवर सगळे ऐकतात आणि पुढे वर्षभर कँटीनमध्ये कुणी ना कुणी विचारतं, "काय, आज बोट धरायला कुणी आलं का?" हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तरी न डगमगणारी माणसं या एका वाक्याला भितात. मी फक्त पुरुषांविषयी बोलते आहे असं नाही. मीही भीत होते.

दादा उजव्या खुर्चीत होता. मालवाहू विमान, आत दोघंच, बाहेर धुकं. चकव्यावर आल्यावर त्याने पाटी वाचली. त्याचा आवाज विमानातल्या टेपवर आहे. "हीच असेल." डाव्या खुर्चीने विचारलं, "नक्की?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग दादा म्हणतो, "हो." चाक वळलं आणि ते धावपट्टीवर गेले. पलीकडून एक विमान उड्डाणासाठी सुटलं होतं. त्याने नाक उचललं, पण पुरेसं उचललं गेलं नाही. त्यातले लोक वाचले. दादा आणि त्याचा कॅप्टन नाही वाचले. चौकशी झाली, पाटी वाचण्यात चूक असा निकाल लागला. मग साहेब लोकांनी काय केलं असेल? चकव्यावर आणखी एक पाटी लावली.

मला त्या न बोललेल्या वेळाचा फार राग यायचा. 'नक्की?' आणि 'हो' यांच्यामधल्या. तेवढ्या वेळात गाडी मागवता आली असती.

आमच्या कंपनीची विमानं नव्या बाजूला लागतात, त्यामुळे चकव्यावरून मला कधी जावं लागलं नव्हतं. त्या सकाळी नव्या बाजूची गल्ली दुरुस्तीला घेतली होती. धुकं असं की खाली उतरताना धावपट्टीचे दिवे अगदी पायाशी आल्यावर दिसले. डाव्या खुर्चीत जे कॅप्टन होते त्यांना आमच्यात घड्याळसाहेब म्हणतात. उशीर हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. माणूस वाईट नाही, हात फार चांगला आहे. फक्त कुठेही थांबलं की त्यांचा पाय हलायला लागतो.

टॉवरने सांगितलं, "एम गल्लीने पुढे या. पाच गल्ल्यांच्या चौकात डावीकडे, के."

"चकवा," घड्याळसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला चालेल ना?"

"चालेल, सर."

त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. मी नकाशा मांडीवर घेतला आणि बोट एमवर ठेवलं. मागे दीडशे माणसं होती. विमान टेकल्यापासून एक तान्हं मूल रडत होतं, त्याचा आवाज बंद दारातूनही येत होता.

चकवा आला तो पाट्यांमुळेच कळला. धुक्यात एकदम चार-पाच चौकोन उजळले. मी वाचायला लागले. "काळी पाटी, एम. आपण एमवर आहोत. पिवळी, के, बाण डावीकडे. पिवळी, एल, बाण डावीकडे. के, बाण..." माझी जीभ अडली. के दोनदा होती. एक बाण पूर्ण डावा आणि एक तिरका. नव्याने लावलेली पाटी हीच असणार. तिरक्या बाणाच्या दिशेला दोन गल्ल्या सुटत होत्या, आणि बाण बरोबर त्यांच्या मधल्या गवताकडे बोट दाखवत होता.

दादाला काय दिसलं असेल ते मला त्या क्षणी दिसलं. अहवालात चित्रं होती, ती मी पाहिली होती. पण ती लख्ख उन्हात वरून काढलेली. त्या चित्रात शेंबडं पोरही चुकलं नसतं.

"कुठली?" घड्याळसाहेबांनी विचारलं. त्यांचा पाय हलत होता.

"बघते, सर."

"अगं, ते बघ. पुढे कुणीतरी आहे."

मी वर पाहिलं. समोर, तिरक्या बाणाच्या बाजूला, धुक्यात एक पांढरा दिवा होता. विमानाच्या शेपटीला असतो तसा, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर.

"हा पण तिकडेच चाललाय," ते म्हणाले. "त्याच्या मागे लागू. हीच असेल."

टेपवरचे तेच दोन शब्द. मी रेडिओचं बटण दाबलं. "टॉवर, आमच्या पुढे कोण आहे?"

"पुढे कुणी नाही. पडद्यावर त्या भागात फक्त तुम्हीच आहात."

घड्याळसाहेबांनी तोंडाने च्च केलं. "त्यांचा पडदा झोपलाय. मला दिसतोय ना दिवा? तुला दिसतोय ना?"

मला दिसत होता. तो थोडा पुढे गेला आणि थांबला. किंचित उजवीकडे वळला आणि पुन्हा थांबला. मग मागे आल्यासारखा झाला. विमान मागे येत नाही, त्याला मागे ढकलावं लागतं. पण तो दिवा आला. मग परत उजवीकडे. शाळेच्या व्हरांड्यात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाणारी, प्रत्येक दाराशी आत न डोकावता फक्त अडखळणारी ती चाल मला माझ्या पावलांइतकी ओळखीची होती. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला त्याच्या मागे जावंसं वाटलं. आमचं विमान हलायला लागलं होतं आणि मी काही बोलत नव्हते. जाऊ दे, जातोय तसा जाऊ दे, निदान कुठे जातो ते तरी दिसेल, असं मला वाटत होतं.

मागे ते मूल अजून रडत होतं.

आई दादाला लहानपणी सांगायची, "चकवा लागला की जागच्या जागी बसावं, बाळा. पाय उचलला की तो फिरवतो." चाक डाव्या खुर्चीकडे असतं, पण ब्रेक दोघांच्याही पायाखाली असतात. मी दोन्ही पाय दाबले.

विमान गचका खाऊन थांबलं. मागे कुणाचं तरी काहीतरी पडलं.

"काय करतेस तू?" घड्याळसाहेब म्हणाले. त्यांच्या हाताखाली कुणी असा ब्रेक दाबला नसेल, आणि दाबला असता तर पुन्हा त्यांच्या शेजारी बसला नसता.

"सर, आपल्याला वाट माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"नाही, सर. तुम्हाला नाही, मलाही नाही, आणि त्यालाही नाही."

कुणाला, असं त्यांनी विचारलं नाही. मी बटण दाबलं. सकाळची वेळ, अर्धा डझन विमानं तरी ऐकत असणार. "टॉवर, आम्ही चौकात थांबलोय. पाटी कळत नाही. आम्ही हरवलोय. पिवळी गाडी पाठवा."

"पाठवतो," टॉवर म्हणाला. मग रेडिओवर कुणीतरी, कुठल्या विमानातून देव जाणे, म्हणालं, "बोट धरा रे कुणीतरी बाईंचं." हसण्याचा आवाज आला.

तेवढ्यात समोरचं धुकं थरथरलं. डाव्या हाताकडून एक गडगडाट आला, वाढत वाढत छातीत शिरला आणि आमच्या नाकासमोरून दिव्यांची एक रांग सुसाट उजवीकडे निघून गेली. उड्डाणासाठी सुटलेलं विमान होतं. धावपट्टी आम्हाला वाटत होती त्याहून फार जवळ होती. तिरक्या बाणाची दुसरी गल्ली थेट तिच्यावर जात होती. लाल पाटी पुढे होती खरी, पण उंच गवतात, धुक्यात. ती दिसली असती तेव्हा आम्ही तिच्या पलीकडे असतो.

घड्याळसाहेबांनी चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. पाय हलायचा थांबला होता.

पांढरा दिवा तिथंच होता, अगदी धावपट्टीच्या तोंडाशी. एवढं विमान त्याच्या अंगावरून गेलं, पण तो हलला नाही. मला रडू फुटलं. इतकी वर्षं हा असाच इथं उभा आहे. रोज विमानं जातात, उतरतात, माणसं घरी जातात, आणि हा पाट्या वाचतोय. आईला मी वेडी ठरवून मोकळी झाले होते.

बटणाला हात न लावता मी मोठ्याने म्हणाले, "दादा, मी विचारलंय. गाडी येतेय. तू काही बोलू नकोस, नुसता मागून ये."

घड्याळसाहेब समोर बघत राहिले. त्यांनी फक्त घसा साफ केला.

पिवळी गाडी आली. टपावर फिरणारा दिवा, पाठीवर 'माझ्या मागे या'. गाडी चालवणाऱ्याला सगळा विमानतळ मामा म्हणतो. मामाचं काम म्हणजे धुक्याच्या दिवसांत गाडीत बसून थर्मासमधला चहा पिणं आणि कुणी बोलवायची वाट बघणं, आणि कुणी बोलवत नाही. त्याने आमच्यासमोर गाडी वळवून लावली. मी समोर पाहिलं तर धावपट्टीच्या तोंडाशी आता दिवा नव्हता.

रेडिओवर मामाचा आवाज आला. "टॉवर, दोघांना एकदमच नेऊ का? की मागच्यासाठी परत येऊ?"

"एकच विमान आहे," टॉवर म्हणाला.

"मागे अजून एक उभं आहे की."

"मामा, डोळे चोळा. एकच आहे."

मामा म्हणाला, "बरं. या मागून."

आम्ही निघालो. पूर्ण डाव्या बाणाने, के गल्लीत, मग सरळ. मी प्रत्येक पाटी वाचत होते. वाचायची गरज नव्हती, गाडी पुढे होती. पण मी वाचत होते, नेहमीपेक्षा मोठ्याने आणि सावकाश, आणि घड्याळसाहेब प्रत्येक पाटी परत म्हणत होते. विमानातून मागे बघता येत नाही. मला एकदा तरी वळून बघायचं होतं. पण बघता आलं असतं तर त्याने दुसरीकडेच बघितलं असतं.

इंजिनं बंद झाल्यावर घड्याळसाहेब कितीतरी वेळ पट्टा न सोडता बसून राहिले. आम्हाला बराच उशीर झाला होता. ते म्हणाले, "ब्रेकचं मी वर सांगेन. मीच दाबायला सांगितला म्हणून." मग बॅग उचलताना म्हणाले, "दिव्याचं मी काही सांगणार नाही. तूही सांगू नकोस." मी मान हलवली.

खाली मामा गाडीला टेकून उभा होता. आमच्या विमानाच्या पोटाखालून वाकून तो मागे बघत होता. "मॅडम, ते दुसरं कुठं गेलं हो?"

"कसं होतं ते?"

"दिवेच दिसले मला आरशात. जुन्या पद्धतीचे होते. चांगलं शेवटपर्यंत आलं." त्याने टोपी मागे सरकवली. "चिकटून नाही हां. जरा अंतर ठेवूनच येत होतं."

मी त्याचा हात हातात घेतला, तो ओशाळला आणि गाडीत जाऊन बसला.

कंपनीच्या गाडीने मी घरी आले. धुकं विरळ झालं होतं, दुकानं उघडत होती. गणवेश अंगात तसाच होता. मी जिना चढायला लागले आणि पहिल्या वळणावर माझ्या लक्षात आलं की मी सावकाश चढते आहे. मागच्याला गाठता यावं म्हणून चढतात तसं. मी वळून पाहिलं नाही. इतक्या वर्षांची ती आमची पद्धत होती.

दारावर दिवा चालू होता. मी बेल वाजवायच्या आतच आईने दार उघडलं. केस विंचरलेले, डोळे झोपेचे नव्हते. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे.

"ये," ती म्हणाली.

मी आत गेले, बूट काढले, बॅग भिंतीशी ठेवली. आईने दार लावलं नाही. ती एका हाताने ते धरून, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहिली, कुणाला तरी आत यायला जागा द्यावी तशी. वाऱ्याची झुळूक आली, तिला बाहेरच्या थंडीचा आणि विमानाच्या इंधनाचा वास होता. तो माझ्या कपड्यांचाही असेल.

मग तिने दार लावलं. कडी घातली. हात वर नेऊन बाहेरच्या दिव्याचं बटण बंद केलं.

"किती रे उशीर," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.